गाडीखालचा लाल डाग नेमका कुठून येतो?

आमच्या सोसायटीत माझ्या पार्किंगच्या जागेवर पहिल्यांदा लाल ठिपके दिसले, तेव्हा मी वॉचमनकाकांवरच घसरलो. "काका, इथं पान खाऊन कोण थुंकतंय?" काका खाली वाकले, एका ठिपक्याला बोट लावलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "साहेब, पान नाय हे. तेल आहे. तुमच्याच गाडीचं." ठाण्यात लाल डाग दिसला की माणूस आधी पानाचाच संशय घेतो, त्यामुळे यात माझी फार चूक नव्हती. चूक पुढे केली, ती सांगतोच.

गाडी २००७ ची सेडान, चार स्पीडची ऑटोमॅटिक, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओतून पुन्हा पाच वर्षांची नोंदणी करून आणली, म्हणजे तिला विकायचं नाही हे घरात ठरलेलं. घोडबंदर रोडवरच्या एका गॅरेजवाल्याने ती लिफ्टवर न चढवताच, नुसतं बॉनेट उघडून सांगितलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ओव्हरहॉल." आकडा ऐकून मी चावी परत मागितली. जुन्या ऑटोमॅटिकचं तेल कुठे पडलंय हे सगळ्यांना दिसतं. ते सुटलं कुठून, हे शोधायची तसदी फार थोडे घेतात, आणि बिलातला सगळा फरक तिथेच पडतो.

त्याआधी तुमची ऑटोमॅटिक कुठल्या जातीची आहे ते बघा. आपल्याकडे २०१४ पासून ज्या छोट्या ऑटोमॅटिक गाड्या धडाधड विकल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच एएमटी आहेत. आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. तिथे साधं गिअर ऑइल असतं, लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) नसतं. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकचं, तेल वेगळं आणि त्याचा रंगही कंपनीगणिक बदलतो. मी बोलतोय ते जुन्या, टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल.

मॅन्युअल गाडीत गिअर ऑइल दातांना वंगण देतं, बस. ऑटोमॅटिकमध्ये तेल म्हणजे अर्धं यंत्रच. तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी 'डी'त ठेवून तुम्ही ब्रेक दाबून बसता. इंजिन चालू, चाकं थांबलेली, तरी गाडी बंद पडत नाही. मॅन्युअलमध्ये क्लच न दाबता हे केलं तर गचका खाऊन बंद पडेल. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे टॉर्क कन्व्हर्टर बसलेला असतो: मेदूवड्यासारखं गोल लोखंडी भांडं, आत समोरासमोर पात्यांची चाकं आणि तेल. इंजिन एक चाक फिरवतं, ते तेल दुसऱ्यावर फेकतं, त्या माऱ्याने दुसरं फिरतं. ब्रेक दाबलेला असला की तेल नुसतं घुसळत राहतं, आणि घुसळलेलं तेल तापतं. कापूरबावडी ते कासारवडवली मेट्रोच्या खांबांखाली रोज संध्याकाळी जे रांगणं चालतं, ते या तेलाच्या दृष्टीने हायवेवरच्या लांब प्रवासापेक्षा वाईट. तेलाचं तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

शिवाय गिअर बदलणारे आतले क्लच याच तेलाच्या दाबावर आवळले जातात. इंजिनवर फिरणारा एक पंप तळातलं तेल ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो. इथला दाब सहज शंभरच्या पुढे जातो. गिअरबॉक्समध्ये गाडीप्रमाणे एकूण सहा-आठ लिटर तेल असतं, पण तेल मोजायच्या पट्टीवरच्या (डिपस्टिक) खालच्या आणि वरच्या खुणेतलं अंतर साधारण अर्ध्या लिटरच्या आसपासच. लिटरभर कमी झालं की चढाला किंवा वळणावर पंप तेलाबरोबर हवाही ओढायला लागतो. फेस येतो, दाब पडतो, क्लच घसरतात, आणि घसरणारा क्लच जळतो. इंजिन ऑइलच्या बाबतीत आपण जो निवांतपणा दाखवतो तो इथे परवडत नाही.

या तेलाला आपण गॅरेजात नुसतं एटीएफ म्हणतो. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये 'टाइप ए' नावाने त्याचा पहिला स्वतंत्र दर्जा ठरवला. त्या काळी त्यात चक्क देवमाशाचं तेल घालत, क्लच नेमके हवे तेवढेच घसरावेत म्हणून. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आल्यावर रसायनशाळेतले पर्याय आले. लाल रंगाचा मात्र वंगणाशी काही संबंध नाही. तो घातला जातो तो गळालं तर ओळखू यावं एवढ्यासाठीच. आपल्या सोयीसाठी कुणीतरी केलेली ही व्यवस्था आहे, ती वापरायला हवी.

पण लाल म्हणजे एटीएफच, असंही नाही. जुन्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक असतं आणि पुष्कळ गाड्यांत त्यातही एटीएफच भरलेलं असतं. रंग तोच, वास तोच. म्हणून आधी बॉनेट उघडून स्टिअरिंगच्या तेलाची डबी बघा. तिची पातळी उतरली असेल आणि स्टिअरिंग वळवताना कुंई-कुंई आवाज येत असेल, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. दुसरा तोतया म्हणजे कूलंट. काही कंपन्यांचं कूलंट लाल किंवा गुलाबी असतं. पण ते पाण्यासारखं पातळ, गोडसर वासाचं, आणि सुकलं की चिकट, पांढुरकी पापडी सोडतं. एसीचं पाणी कुठल्याच रंगाचं नसतं, त्याने घाबरायचं कारण नाही. इंजिन ऑइल पिवळट ते काळं. एटीएफ ताजं असताना लालभडक, जुनं झालं की तपकिरीकडे झुकतं, आणि तिथेच घोळ होतो: १५ वर्षांच्या गाडीतलं न बदललेलं एटीएफ पाहून माणूस इंजिन ऑइल समजतो.

यावर सोपा उपाय म्हणजे पांढरा टिश्यू पेपर. पट्टीवरचा एक थेंब त्यावर टाका, पाच-दहा मिनिटं थांबा. एटीएफ पातळ असल्याने भराभर पसरतं आणि कडेला गुलाबी झाक उरते. मधे काळा ठिपका राहिला आणि जळका वास आला, तर गळतीपेक्षा मोठं दुखणं आतल्या क्लचमध्ये आहे. जमिनीवरच्या डागाचाही असाच टिपकागद घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

जमिनीवरच्या डागाचा नकाशाही काढावा लागतो. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीखाली सरकवला, स्केचपेनने चारही चाकांच्या जागा आखल्या आणि पुढच्या दिशेला बाण काढला. (बायकोने विचारलं, रांगोळी कधी?) सकाळी थेंब पडले होते ते पुढच्या चाकांच्या रेषेत, जरा डावीकडे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्स त्याच्या एका टोकाला जोडलेला असतो, त्यामुळे 'डावीकडे' हे कळणं कामाचं. माझे थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली पडत होते. गॅरेजवाल्याने हेच पाहून ओव्हरहॉल सांगितला असावा.

आता माझी चूक. तेल कमी झालंय म्हणजे भरलं पाहिजे, एवढाच विचार करून मी सकाळी पार्किंगमध्येच इंजिन चालू केलं, पट्टी काढली, तेल 'हॉट'च्या खुणेपेक्षा बरंच खाली दिसलं, आणि त्या खुणेपर्यंत येईतो जवळजवळ लिटरभर ओतलं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावरचा डाग दुप्पट! वाटलं, संपलं सगळं.

झालं होतं असं की तेल तापलं की फुगतं. 'हॉट'ची खूण गरम तेलासाठी, 'कोल्ड'ची थंडसाठी. थंड गाडीत मी गरम खुणेपर्यंत भरलं, मग गाडी तापल्यावर पातळी इतकी वर गेली की आत फिरणारे भाग तेलात बुडून त्याचा फेस करू लागले. गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवा ये-जा करायला एक छोटी नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. फेस तिथून बाहेर आला आणि अंगावरून ओघळत खाली. म्हणजे एक गळती आधीची होती, दुसरी मी तयार केली.

पातळी बघायची बहुतेक गाड्यांची रीत अशी: पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद ठेवत परत 'पी'त आणा, आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढा. पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. पुसायला धागे सुटणारा कॉटन वेस्ट वापरू नका. एक धागा आतल्या बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी पुरतो. होंडाच्या पट्टीवाल्या पुष्कळ गाड्यांत रीत उलटी आहे: गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि साधारण ६० ते ९० सेकंदांत वाचायचं. काही गाड्यांना पट्टीच नसते. खालून बोल्ट काढून ठरावीक तापमानाला तपासतात. तो घरचा खेळ नाही. तुमच्या गाडीची रीत गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते, आणि लागणारं तेल बऱ्याचदा पट्टीवरच कोरलेलं असतं: डेक्सरॉन, टी-फोर, एसपी-थ्री असं काहीतरी. दुकानदार "लाल आहे ना, चालतंय" म्हणाला तर दुकान बदला. प्रत्येक तेलाचा घसरपणा वेगळा असतो.

मग एका मित्राने तुर्भ्यातल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. शनिवारी सकाळी विटावा, दिघा, रबाळे, महापे करत ठाणे-बेलापूर रोडने पोचलो. मिस्त्रींनी माझी सगळी कहाणी ऐकली आणि म्हणाले, "आधी आंघोळ घालू. मग ताप बघू."

निदानातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि तेच सगळे टाळतात. सतरा-अठरा वर्षांच्या गाडीच्या पोटाखाली तेल आणि धुळीचा जाड थर असतो. त्यात कालचं काय आणि पाच वर्षांपूर्वीचं काय, कुणालाही कळत नाही. त्यांनी आधी लांब सिरिंजला बारीक नळी लावून पट्टीच्या भोकातून मी जादा ओतलेलं तेल ओढून काढलं. वायरींच्या कनेक्टरना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, डिझेल आणि ब्रशने गिअरबॉक्स घासला, कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवला, वर स्प्रे क्लीनर मारला. ॲल्युमिनियम चमकायला लागल्यावर टाल्कम पावडरचा डबा काढला, तोच, अंघोळीनंतरचा, आणि फडक्याने सगळीकडे पावडर झटकली. गिअरबॉक्स पांढराशुभ्र. पावडरवर तेलाची ओली रेघ लगेच उमटते. चांगल्या वर्कशॉपमध्ये यासाठी तेलात चमकणारा डाय घालून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघतात. गळती फारच बारीक असेल तर तेच करावं. पण पावडर पाच रुपयांत होते.

गाडी पामबीचवरून किल्ले गावठाणापर्यंत नेऊन आणली आणि परत लिफ्टवर चढवली.

मिस्त्रींचा नियम एकच: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. तेल वरून खाली येतं आणि धावत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे थेंब पडतो ती जागा गुन्हेगार नसते. माझ्या गाडीत जोडाची खालची कड ओली होती. तिथून पांढऱ्या पावडरवर एक लाल रेघ तिरकी वर चढत गेली होती, आणि संपत होती रेडिएटरकडून येणाऱ्या एका रबरी नळीच्या टोकाशी. गरम तेल थंड व्हायला रेडिएटरमधल्या कूलरमध्ये जातं आणि या नळीने परततं. मिस्त्रींनी मला नळीत नख रुतवायला सांगितलं. रुतेना. रबर सुकून लाकूड झालं होतं, टोकाला बारीक भेगा, आणि स्प्रिंगची क्लिप गंजून ढिली. इंजिन चालू केलं तर मिनिटाभरात क्लिपखाली एक थेंब तयार झाला, फुगला, आणि मग घरंगळला. खाडीच्या हवेत या क्लिपा आणि लोखंडी नळ्या गंजतातच. नवी नळी तेलासाठीचीच लागते, पाण्याची लावली तर एटीएफ ती फुगवून खातं. दोन क्लिपा, दीड हात नळी. ओव्हरहॉल नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण मिस्त्रींनी टॉर्च जरा मागे फिरवला. डाव्या एक्सलच्या मुळाशी पावडरवर अजून एक ओलसर कडं होतं. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा जिथून बाहेर पडतो तिथे एक ऑइल सील असतं. उष्णतेने त्याचं रबर कडक होतं आणि ओठ दांड्याला नीट चिकटत नाही. लॉकडाऊनमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांची सीलं अशीच गेली. हे सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, एक्सल काढला की पुरे. पण बदलण्याआधी दांडा हलवून बघायचा: तो वरखाली खेळत असेल तर आतला बुश झिजलाय, आणि नवं सीलही टिकणार नाही. त्याच जागी काळं, घट्ट काही दिसलं तर ते एक्सलवरच्या फाटलेल्या रबरी बूटमधलं ग्रीस आहे, तेल नव्हे.

बाकीच्या जागा थोडक्यात. तळाच्या चेंबरचं पॅकिंग: गळायला लागलं की बरेच जण बोल्ट कचकचून आवळतात, त्याने पत्र्याची कड वाकते आणि गळती कायमची होते. हे बोल्ट हलक्या हातानेच आवळायचे असतात. ड्रेन बोल्टखालचा वॉशर प्रत्येक वेळी नवा हवा. गिअर लिव्हरच्या दांड्याचं सील, पट्टीच्या नळीचा ओ-रिंग (रबरी कडं), स्पीड सेन्सरचा ओ-रिंग. गंमत म्हणजे यातली काही गळती फक्त उभ्या गाडीत होते. इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू तळात उतरतं, पातळी चढते, आणि एरवी तेलाच्या वर असलेली सीलं रात्रभर बुडून राहतात. म्हणून मिस्त्री विचारतात, "रात्री गळतं की चालताना?" कूलरची नळी दाबाखाली, म्हणजे इंजिन चालू असताना गळते.

खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागतो तो पुढच्या पंपाच्या सीलसाठी, कन्व्हर्टर आत जातो तिथलं. सील स्वतः काही शे रुपयांचं, मजुरीच सगळी. तेही तेल जोडाखालीच पडतं, आणि इंजिनच्या मागच्या सीलमधून गळणारं इंजिन ऑइलही तिथेच पडतं. म्हणूनच टिश्यूची परीक्षा आणि वरपर्यंत रेघ शोधणं. वर सगळं कोरडं असेल आणि तेल जोडाच्या आतूनच येत असेल, तेव्हा उतरवायला हरकत नाही.

एक गळती मात्र जमिनीवर दिसतच नाही. रेडिएटरच्या आतला कूलर फुटला तर तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. पट्टीवर किंवा रेडिएटरच्या झाकणाखाली सोलकढीसारखं गुलाबी, दुधट काही दिसलं तर गाडी चालू करू नका. पाणी आणि कूलंटमधलं ग्लायकॉल आतल्या क्लचचं अस्तर उखडून काढतात, आणि मग ओव्हरहॉलला खरोखरच पर्याय राहत नाही. जुन्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण महिन्यातून एकदा, थंड असताना, उघडून बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

गळतीवर बाटलीतलं औषध मिळतं, 'स्टॉप लीक'. ते रबर फुगवतं. गाडी महिन्याभरात विकणार असाल तर तुमचं तुम्ही ठरवा. ठेवायची असेल तर मी घालणार नाही, कारण ते आतल्या चांगल्या सीलांनाही सोडत नाही.

गाडी 'डी'त टाकल्यावर दोन-तीन सेकंद उशिरा पकडते आहे, इंजिन फिरतंय पण गाडी तशी पळत नाही, घूंऽ असा आवाज येतोय किंवा बॉनेटमधून जळका धूर, यातलं काहीही झालं तर बाजूला लावा. एटीएफ तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर पेटू शकतं. आणि टोइंगवाल्याला पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, चाकांबरोबर गिअर मात्र कोरडे फिरत राहतात. गाडी पूर्ण उचलून नेणारा फ्लॅटबेड मागवा, महाग पडला तरी.

माझ्या डाव्या एक्सलचं सील अजून बदललेलं नाही. मिस्त्री म्हणाले, "दांडा खेळत नाही, घाई नाही. पुठ्ठा ठेवत राहा, डाग वाढला की या." दर महिन्याच्या एक तारखेला नवा पुठ्ठा घालतो. या महिन्याचा डाग दहा रुपयांच्या नाण्याएवढा आहे. वॉचमनकाकाही जाता-येता वाकून बघतात आणि मला इंटरकॉमवर कळवतात.